गरिबी दाखविली, गरिबीचा मालक लपविला

२२ फेब्रुवारी २००९ रोजी लॉस एंजेलिस येथे ‘स्लमडॉग मिलियनेअर’ या चित्रपटाला आठ ऑस्कर पारितोषिके मिळाली. मुंबईच्या झोपडपट्टीतील एका अनाथ मुलाची ही कथा. दिग्दर्शक डॅनी बॉइल ब्रिटिश, भांडवल पाश्चात्त्य, संगीत ए. आर. रहमान यांचे आणि मूळ कादंबरी विकास स्वरूप या भारतीय मुत्सद्द्याची. देशात आनंदाला उधाण आले. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीसाठी काँग्रेस पक्षाने या चित्रपटातील ‘जय हो’ या गाण्याचे हक्क विकत घेतले. झोपडपट्टीच्या चित्रपटातील गाणे सत्ताधारी पक्षाचे विजयगीत झाले आणि त्यात सत्ताधाऱ्यांना कसलीही विसंगती वाटली नाही.

त्याच हिवाळ्यात जागतिक मंदीच्या झळा पिंपरी-चिंचवडला लागल्या होत्या. मोठ्या वाहन कारखान्यांत ‘ब्लॉक क्लोजर’चे फलक लागत होते, आणि अशा वेळी सर्वांत आधी घरी पाठविला जातो तो कंत्राटी कामगार. पुढे ३१ मार्च २००९ रोजी, ऑस्कर सोहळ्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, चाकणजवळ फोक्सवॅगन कंपनीच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. अशा रीतीने एकाच मोसमात या देशाची दोन चित्रे जगापुढे मांडली गेली. एका चित्रात शौचकूप, गटार आणि भीक मागणारी मुले. दुसऱ्या चित्रात चकचकीत मोटारींची रांग. दोन्ही चित्रे खरी होती. परंतु एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाणारी वाट मात्र कोणीच दाखविली नाही. ती वाट झाकून ठेवणे, हाच या सगळ्या व्यवहारातील खरा अपराध आहे.

दोन पक्ष, एकच आंधळेपणा

परदेशात गाजलेल्या चित्रपटात भारताचे दारिद्र्य दिसले की या देशात ठरावीक वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो की ही देशाची बदनामी आहे. गोऱ्या प्रेक्षकांच्या मनोरंजनासाठी आपली लक्तरे वेशीवर टांगली जात आहेत. दुसरा पक्ष म्हणतो की हे वास्तव आहे. आरशावर रागावून काय उपयोग? हा वाद जुना आहे. फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांची ‘फँटम इंडिया’ ही चित्रमालिका बीबीसीने दाखविली, तेव्हा १९७० मध्ये भारत सरकारने बीबीसीचे दिल्लीतील कार्यालयच बंद करविले. १९८० मध्ये नर्गिस यांनी राज्यसभेत सत्यजित राय यांच्यावर भारताचे दारिद्र्य निर्यात केल्याचा आरोप केला. २०२४ मध्ये पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ या चित्रपटाला कानच्या महोत्सवात ग्राँ प्री मिळाली. ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका निवडणाऱ्या मंडळींना मात्र तो भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला. काळ बदलला, चित्रपट बदलले. वादाचा साचा तोच राहिला.

समाजवादी कार्यकर्त्याने या वादात कोणत्या बाजूला उभे राहावे? बदनामीची ओरड करणाऱ्यांच्या पंक्तीला तो बसू शकत नाही. ज्यांना दारिद्र्याची लाज वाटत नाही, पण दारिद्र्य दिसल्याची लाज वाटते, त्यांची देशभक्ती उंबरठ्याबाहेरचा केर पाहुणे येण्यापूर्वी झाकण्यापुरतीच असते. पण ‘वास्तव आहे’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांच्या पंक्तीलाही त्याची जागा नाही. कारण दारिद्र्य म्हणजे डोंगर किंवा पाऊस नव्हे, की जे आहे तसे दाखविले म्हणजे सत्य सांगून झाले. दारिद्र्य घडविले जाते. त्याला घडविणारा असतो, त्यातून लाभणारा असतो. घडविणारा वगळून केवळ घडलेले दाखविणे हे अर्धसत्य होय. आणि जगभर पोहोचलेले अर्धसत्य फार महागात पडते.

धरणे की झोपड्या?

नर्गिस यांना एका मुलाखतीत विचारण्यात आले की राय यांनी दारिद्र्य दाखवू नये, तर कोणता आधुनिक भारत दाखवावा? त्यांनी उत्तर दिले: धरणे. या एका शब्दात सत्ताधारी वर्गाची सारी दृष्टी सामावलेली आहे. धरण म्हणजे भारत आणि झोपडी म्हणजे बदनामी! परंतु ज्यांना ही फोड मान्य असेल, त्यांनी मावळापासून चाकणपर्यंत एक फेरी मारावी.

पवना धरण मावळात आहे. त्याचे पाणी नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून पिंपरी-चिंचवडची तहान भागविते. या धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिला. धरणातून शहरापर्यंत बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यांत एक स्त्री होती. धरण आणि दारिद्र्य ही येथे दोन स्वतंत्र चित्रे नाहीत. एकाच पटाची ती सुलट आणि उलट बाजू आहे.

कारखान्यांचेही तेच. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. नव्या प्रजासत्ताकाने आपल्या रोग्यांसाठी आपले पेनिसिलिन बनवावे, ही त्यामागील कल्पना. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. पाठोपाठ खासगी कारखान्यांची रीघ लागली. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि जकातीच्या जोरावर आशियातील सर्वांत श्रीमंत महापालिका असा लौकिक ती मिरवू लागली. त्या श्रीमंत महापालिकेच्या हद्दीतच, कारखान्यांच्या भिंतींना आणि रेल्वेमार्गाला लागून, झोपडपट्ट्या उभ्या राहिल्या. त्या आकाशातून पडल्या नाहीत. कारखान्याला हात हवे होते, पण हातांमागच्या माणसाला घर देण्याची जबाबदारी नको होती, म्हणून त्या उभ्या राहिल्या. आणि ज्या पेनिसिलिनच्या कारखान्याचा अभिमान बाळगला गेला, तेथे पुढे कामगारांचे पगार महिनोन् महिने थकले. जमीन विकून देणी भागविण्याचा मार्ग केंद्र सरकारने २०१६ मध्ये पत्करला. ‘आधुनिक भारत’ आणि ‘दरिद्री भारत’ यांची फाळणी करणाऱ्यांनी पिंपरीतील हा कारखाना कोणत्या खात्यात टाकायचा, ते सांगावे.

खलनायक आणि व्यवस्था

‘स्लमडॉग’मध्ये काहीच खरे नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जमावाने जातीय दंगलीत आईला ठार मारणे, पोलीस कोठडीतील छळ, वस्तीच्या जागेवर उठणारी उंच इमारत, हे सारे त्यात आहे आणि ते खोटे नाही. पण चित्रपट या गोष्टींचे काय करतो, हे पाहिले पाहिजे. तो प्रत्येक दुःखाला एकेक दुष्ट माणूस नेमून देतो. भिकाऱ्यांची टोळी चालविणारा मुलाचे डोळे फोडतो; गुंड मुलीला पळवितो. दुष्ट मेला की दुःख संपले! प्रेक्षक हायसे वाटून घरी जातो, कारण आपण तसे दुष्ट नाही, याची त्याला खात्री असते.

भोसरीच्या वर्कशॉपांत आणि चाकणच्या शेडमध्ये पॉवर प्रेसखाली बोटे गमावलेले कामगार भेटतात. त्यांची बोटे कोणा राक्षसाने तोडलेली नसतात. प्रेसला सुरक्षेचे साधन बसविलेले नसते. ते बसविल्यास उत्पादनाचा वेग कमी होईल, अशी धास्ती लहान कारखानदाराला असते. त्याला भाव पाडून देणारा मोठा पुरवठादार असतो. आणि त्या पुरवठादाराच्या डोक्यावर मोटार बनविणारी कंपनी बसलेली असते. या साखळीत कोणीही चित्रपटातल्यासारखा क्रूर हसत नाही. सर्वजण सभ्य असतात, सर्वजण हिशेब करीत असतात. आणि त्या हिशेबाच्या शेवटच्या ओळीत एका माणसाची बोटे असतात.

८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे एका शेडला आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्या तेथे विनापरवाना तयार होत होत्या. सहा जणी जागीच गेल्या. पुढील दिवसांत रुग्णालयात मृतांची संख्या वाढत गेली. मरणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. एका घरातील लेकराच्या वाढदिवसाची गंमत आणि दुसऱ्या घरातील आईचे जळून जाणे यांना जोडणारा धागा या एका घटनेत उघडा पडला. दारिद्र्याचे वास्तव दाखविणे म्हणजे हा धागा दाखविणे. धागा कापून केवळ जळालेले शेड दाखविले तर ती करुणा होईल, सत्य नव्हे.

सोडत आणि हिस्सा

‘स्लमडॉग’चा नायक दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेत दोन कोटी रुपये जिंकतो. कसे जिंकतो? तो हुशार म्हणून नव्हे, लबाड म्हणून नव्हे, तर तसे लिहिलेलेच होते म्हणून, असे चित्रपट अखेरीस बजावून सांगतो. हा खरा विषाचा थेंब आहे. लक्षावधी माणसांच्या झोपडपट्टीतून एकजण नशिबाने सुटतो. उरलेल्या वस्तीने रस्त्यावर, दुकानांतील पडद्यांसमोर गर्दी करून त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या. मुक्तीची एवढीच कल्पना प्रेक्षकाला दिली जाते.

चाकणच्या तरुण कामगाराला हा खेळ परका नाही. त्याच्या कारखान्यातील भरतीची पद्धतच तशी आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून, ओडिशातून आलेली पोरे ‘प्रशिक्षणार्थी’, ‘शिकाऊ’, ‘कंत्राटी’ अशा नाना नावांनी त्याच यंत्रावर, कायम कामगाराच्या शेजारी, तेच काम करतात आणि त्याच्या वेतनाचा एखादा अंश घेतात. काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो. मग नवे नाव, नवा ठेकेदार. त्यांतून कधीमधी एखादा ‘परमनंट’ होतो. त्या एकाकडे बोट दाखवून बाकीच्यांना सांगितले जाते की मान खाली घालून काम करा, तुमचाही नंबर लागेल. प्रश्नमंजूषा येथे रोज तीन पाळ्यांत चालते. लिहिलेलेही येथे सारे असते. पण ते कपाळावर नसते. ते नेमणूकपत्रात असते, ठेकेदाराच्या हजेरीपटात असते, कायद्याच्या कलमांत असते. कपाळावरचे वाचता येत नाही, म्हणून सहन करावे लागते, असे म्हणतात. करारातले मात्र वाचता येते आणि बदलताही येते.

या ठिकाणी २०१३ मधील एक घटना प्रत्येक कार्यकर्त्याने आठवावी. बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातील कामगारांनी विश्व कल्याण कामगार संघटनेच्या झेंड्याखाली २५ जूनपासून काम बंद ठेवले. त्यांच्या मागण्यांत एक अभूतपूर्व मागणी होती: प्रत्येक कामगाराला कंपनीचे पाचशे समभाग प्रत्येकी एक रुपया दराने द्यावेत. व्यवस्थापनाने मागणी धुडकावली. सुमारे पन्नास दिवसांनी, ऑगस्टमध्ये, समभाग न मिळताच कामगार कामावर परतले. या मागणीच्या व्यवहार्यतेविषयी कामगार चळवळीतही मतभेद असू शकतील. भागधारक झाल्याने कामगाराचे शोषण संपते, असे समाजवादी विचार मानीत नाही. परंतु मुद्दा निराळा आहे. झोपडीतील पोराला नशिबाने दोन कोटी मिळाले, तेव्हा सारे जग नाचले. कारखान्यातील कामगाराने स्वतः निर्माण केलेल्या संपत्तीत हिस्सा मागितला, तेव्हा त्याला उद्योगाचा शत्रू ठरविण्यात आले. गरिबाने सोडत जिंकलेली चालते; त्याने हिशेब मागितलेला चालत नाही. आंतरराष्ट्रीय कौतुकाची मर्यादा नेमकी येथे आहे.

मूठभर माती

यावर कोणी विचारील की चित्रपटाने काय प्रचारपुस्तिका व्हावे? कलाकृतीकडून अर्थशास्त्राच्या धड्याची अपेक्षा का करावी? तशी अपेक्षा कोणीच करीत नाही. धागा दाखविणारे चित्रपट याच देशात झाले आहेत, ते जगात गाजले आहेत आणि कला म्हणून ते तसूभरही उणे नाहीत.

१९५३ चा बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ घ्यावा. कथा सलील चौधरी यांची, नायक बलराज साहनी. कानच्या महोत्सवात तो गौरविला गेला. त्यात जमीनदाराला गिरणीसाठी जमीन हवी असते. दोन बिघ्यांचा मालक शंभू आड येतो. कर्ज फेडण्यासाठी तो कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढतो. आणि अखेरीस परत येतो, तेव्हा त्याच्या जमिनीवर कारखाना उभा असतो. तो मूठभर माती उचलू पाहतो आणि पहारेकरी त्याला हाकलतो. या एका दृश्यात शेत, कर्ज, शहर, कारखाना यांची सारी साखळी आली आहे. निघोजे, म्हाळुंगे, कुरुळी, खराबवाडी या गावांतील ज्या शेतकऱ्यांची मुले आज स्वतःच्या बापाच्या शेतावर उभ्या असलेल्या कारखान्याच्या फाटकावर सुरक्षारक्षकाची नोकरी करतात, त्यांना हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही. खेड तालुक्यातील विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांना पंधरा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचे आश्वासन होते. त्या परताव्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. शंभूची मूठभर माती ती हीच.

मराठी मातीतील उदाहरणेही आहेत. जयवंत दळवी यांच्या कादंबरीवर रवींद्र धर्मराज यांनी १९८१ मध्ये ‘चक्र’ काढला आणि लोकार्नोच्या महोत्सवात त्याचा सन्मान झाला. चित्रपटाच्या अखेरीस झोपड्यांवर बुलडोझर चालतो. परंतु तो विकताना भित्तिपत्रकांवर झळकले ते नळावर स्नान करणाऱ्या नायिकेचे चित्र. सत्य सांगू पाहणाऱ्या चित्रपटाचेही बाजार काय करतो, याचा हा धडा होय. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने २०१४ मध्ये व्हेनिसला पारितोषिके मिळविली, गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराचा मृत्यू, त्याला जबाबदार ठरविला गेलेला लोकशाहीर आणि कामगाराच्या जिवाची किंमत न जाणणारे न्यायालय, असे दारिद्र्याचे शासकीय रूप त्यात दिसते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त जातीने लादलेल्या दारिद्र्याचा अखेरचा दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’मधील पार्वती ही रुग्णालयात स्वयंपाक करणारी विधवा, नवऱ्याच्या पश्चात घराचे कागद नाहीत म्हणून बिल्डर तिला हुसकावतो, तेव्हा तीही बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड भिरकावते. या चित्रपटांतील गरीब माणूस कोणावर तरी बोट ठेवतो. ‘स्लमडॉग’मधील गरीब माणूस नाचतो. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

नफा कोणाचा, झोपडी कोणाची

‘स्लमडॉग’ सुमारे दीड कोटी डॉलरमध्ये तयार झाला आणि त्याने जगभरात ३५ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमविला. त्यातील दोन बालकलाकार वांद्र्याच्या गरीब नगरमधील. त्यांच्यासाठी निर्मात्यांनी विश्वस्त निधी स्थापन केला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ऑस्करनंतर तीन महिने होतात न होतात, तोच मे २००९ मधील पाडापाडीत त्या मुलांची घरे जमीनदोस्त झाली. जगाने ज्यांना डोक्यावर घेतले, त्यांच्या डोक्यावरचे छप्पर काढायला एक पथक पुरले. चित्रपटगृहातील सहानुभूती आणि महापालिकेचा बुलडोझर यांच्यात काडीचाही विरोध नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

बुलडोझर पिंपरी-चिंचवडलाही अपरिचित नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखली भागातील भंगाराची गोदामे आणि लहान वर्कशॉप हजारोंच्या संख्येने पाडण्यात आली. बांधकामे अनधिकृत होती, प्रदूषणही होते. पण वर्षानुवर्षे त्या भंगारावर याच औद्योगिक पट्ट्याचा कचरा पचविला जात होता आणि हजारो परप्रांतीय व दलित-मुस्लिम कष्टकरी त्यावर जगत होते. कामाची गरज असताना अनधिकृतपणा दिसत नाही. जमिनीचा भाव चढला की तो दिसू लागतो. या पाडापाडीचे चित्रण कोणी केले, तर परदेशी महोत्सवात ढिगाऱ्यावर बसलेल्या मुलाचे छायाचित्र गाजेल. ढिगाऱ्याखालच्या जमिनीचा आजचा भाव मात्र त्या छायाचित्रात मावणार नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

तेव्हा चित्रपटांवर बंदी मागणे, पडद्यावर दगड फेकणे, ‘देशाचा अपमान’ म्हणून ओरडणे हे कामगार चळवळीचे काम नव्हे. २००९ मध्ये ‘डॉग’ या शब्दाविरुद्ध झोपडपट्टीवासीयांनी पाटण्यात आणि मुंबईत निदर्शने केली. त्यांचा संताप खरा होता, परंतु त्यांची खरी फिर्याद शब्दाविरुद्ध नव्हे, कुत्र्यासारखे जगायला लावणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध असायला हवी. ती फिर्याद त्यांच्या ओठी आणून देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

त्यासाठी साधने दुर्मिळ नाहीत. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून अण्णा भाऊ साठे यांनी लिहिले. गिरणगावातून नारायण सुर्वे आले. गरिबाकडे पाहणारे साहित्य आणि गरिबाने जगाकडे पाहिलेले साहित्य यांतील भेद या दोघांनी मराठी वाचकाला शिकविला आहे. निगडीच्या ओटा स्कीममध्ये, तळवड्याच्या रूपीनगरमध्ये, चाकणच्या खोल्यांच्या चाळींत ‘दो बीघा जमीन’ किंवा ‘फँड्री’ भिंतीवर दाखविता येतो. दाखवून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा: या माणसाच्या दारिद्र्यातून लाभ कोणाचा झाला? मग ‘स्लमडॉग’ही दाखवावा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळेल. दुसऱ्या वेळी उत्तर पडद्यावर सापडणार नाही. ते आपल्या कारखान्यात, आपल्या ठेकेदाराच्या वहीत शोधावे लागेल. तो शोध सुरू झाला, तर चित्रपटाने आपले काम केले असे म्हणता येईल, मग तो कितीही परका असो.

दारिद्र्य दाखविल्याने देशाची अब्रू जात नाही. ती जाते तळवड्याच्या शेडमध्ये, प्रेसखाली सापडलेल्या हातामध्ये, आणि दहा वर्षे ‘प्रशिक्षण’ घेणाऱ्या कामगाराच्या रिकाम्या खिशामध्ये. जगाने हे पाहिले तर पाहू द्यावे. मात्र पाहणाऱ्याला अर्धेच दाखवून टाळ्या घेणाऱ्यांकडून उरलेले अर्धे वसूल करणे, हे कष्टकऱ्यांच्या चळवळीचे कर्तव्य आहे. आणि ते कोणत्याही महोत्सवाच्या परीक्षकांवर सोपविता येणार नाही.